शिलाचक्र आणि मराठवाड्याचा कातळ : एक भूशास्त्रीय परिचय

सारांश

शिलाचक्र ही भूशास्त्रातील पायाभूत संकल्पना होय. पाठ्यपुस्तकांतून ती बहुधा तीन चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण अशा बंदिस्त वर्तुळाच्या रूपात मांडली जाते. जवळजवळ एकाच अग्निजन्य खडकाने व्यापलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हे वर्तुळ परके वाटते. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील बेसॉल्ट, त्यापासून झालेली माती, गोदावरीचा गाळ, लोणारचे विवर आणि किल्लारी येथील खोल विंधनछिद्र यांच्या आधारे शिलाचक्राच्या अवस्थांचे विवेचन केले आहे. शिलाचक्र म्हणजे निरनिराळ्या वेगांनी चालणाऱ्या अनेक वाटांचे जाळे आहे, आणि या प्रदेशातील पाणी, माती व लेणी यांचे भवितव्य त्यांतील एका अत्यंत संथ वाटेशी निगडित आहे, हे स्पष्ट करणे हा लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : शिलाचक्र, बेसॉल्ट, विदारण, मुरूम, भूजल, दख्खनचे पठार, मराठवाडा.

१. प्रस्तावना

खडक हे स्थैर्याचे प्रतीक मानले जाते. ‘काळ्या दगडावरची रेघ’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचारच या समजुतीची साक्ष देतो. भूशास्त्र मात्र याच्या नेमके उलट सांगते. पुरेसा काळ दिला तर काळा दगडही टिकत नाही. तो भुगा होतो, वाहून जातो, पुन्हा घट्ट होतो, तापतो, वितळतो आणि नव्या रूपात वर येतो. या अखंड स्थित्यंतरालाच शिलाचक्र असे म्हणतात.

भूगोल, पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र, कृषी, इतिहास व पुरातत्त्व अशा अनेक विषयांच्या अध्यापकांना या संकल्पनेशी कोठे ना कोठे संबंध येतो. तथापि वर्गात दिली जाणारी उदाहरणे पुष्कळदा दूरदेशीची असतात. ज्या डोंगराच्या पायथ्याशी महाविद्यालय उभे आहे, त्या डोंगराचा उल्लेख क्वचितच होतो. ही उणीव काही अंशी दूर व्हावी, या हेतूने येथे स्थानिक उदाहरणांवर भर दिला आहे. विवेचनाची पद्धती वर्णनात्मक असून त्यासाठी प्रकाशित भूशास्त्रीय माहितीचा आधार घेतला आहे.

२. संकल्पना

खडकांचे उत्पत्तीनुसार तीन वर्ग केले जातात. तप्त शिलारस थंड होऊन जे खडक तयार होतात, ते अग्निजन्य खडक. खडकांचा भुगा, विरघळलेली द्रव्ये अथवा जीवांचे अवशेष थराथराने साचून व घट्ट होऊन बनतात, ते स्तरित खडक. उष्णता, दाब अथवा दोहोंच्या प्रभावाने, न वितळता, ज्यांची खनिजरचना व पोत बदलतो, ते रूपांतरित खडक.

हे तीन वर्ग परस्परांत बदलू शकतात, हा विचार स्कॉटलंडचे जेम्स हटन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पद्धतशीरपणे मांडला. त्यांचा पृथ्वीविषयक सिद्धांत १७८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट येथे एक विलक्षण रचना पाहिली. खालचे थर जवळजवळ उभे झालेले होते, तर त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर दुसरे थर मंद उताराने पसरलेले होते. खालचे थर साचणे, घट्ट होणे, उभे होणे, झिजणे आणि मग त्यांवर नवे थर बसणे, एवढ्या घटना घडावयाच्या तर पृथ्वीचे वय तत्कालीन कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशा विसंगत संपर्काला भूशास्त्रात ‘विषमविन्यास’ म्हणतात. त्याचे एक उदाहरण मराठवाड्याच्या पोटातही आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

येथे एक मुद्दा आरंभीच नोंदविणे आवश्यक आहे. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित आणि पुन्हा अग्निजन्य असा ठरावीक क्रम निसर्गात नाही. अग्निजन्य खडक थेट रूपांतरित होऊ शकतो. स्तरित खडक झिजून पुन्हा स्तरितच बनू शकतो. एखादा खडक कोट्यवधी वर्षे कोणत्याही बदलाविना पडून राहू शकतो. या चक्राला दोन ठिकाणांहून ऊर्जा मिळते. पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णता शिलारस निर्माण करते व भूकवच उचलते. सूर्याची उष्णता पाऊस, वारा व नद्या यांच्याद्वारे ते झिजविते. गुरुत्वाकर्षण दोन्ही कामांत सहभागी असते.

३. अग्निजन्य अवस्था : लाव्हाचे थर

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूपट्ट आजच्या स्थानापेक्षा बराच दक्षिणेस असताना, भूकवचातील लांबच लांब भेगांतून लाव्हाचे प्रचंड लोट बाहेर पडले. या उद्रेकांचा संबंध आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थानाशी जोडला जातो. बहुतांश लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला, असे आधुनिक कालमापनावरून दिसते. झीज होऊनही आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. ज्या भेगांतून तो वर आला, त्यांपैकी काही धुळे व नंदुरबार भागांत उभ्या भिंतींसारख्या डाइकच्या रूपात पाहता येतात.

लाव्हाचा प्रत्येक लोट थंड होताना त्याच्या तळाशी, मध्यभागी व माथ्यावर वेगवेगळी परिस्थिती होती. मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट व एकजिनसी बनला. ग्रामीण भागात यालाच काळा पाषाण म्हणतात. माथ्याकडे वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी व हिरवी माती अशी खनिजे साचली. या ठिसूळ, ठिपकेदार खडकाला विहीर खोदणारे ‘मांजऱ्या’ म्हणून ओळखतात. दोन लोटांमध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या लोटाच्या पृष्ठभागाचे विदारण होऊन तांबडा मातकट थर तयार झाला व पुढील लाव्हाने तो भाजून काढला. डोंगराच्या कापलेल्या बाजूवर दिसणारे तांबडे पट्टे हेच होत.

घट्ट थर कड्याच्या रूपात उभे राहतात, मऊ थर झिजून उतार बनतात. त्यामुळे दख्खनच्या डोंगरांना पायऱ्यांचे स्वरूप येते. ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आले आहे. देवगिरीचा शंकूसारखा डोंगर, त्याचे तासलेले उभे कडे व कातळात खोदलेला खंदक यांतून या रचनेचा मानवाने केलेला उपयोग दिसतो. वेरूळ येथील ३४ लेणी व अजिंठ्याची लेणी याच लाव्हाथरांत खोदलेली आहेत. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट काळात वरून खाली कोरत नेण्यात आले. एकसंध घट्ट बेसॉल्टची पुरेशी जाडी उपलब्ध असल्यामुळेच हे शक्य झाले. अजिंठ्याच्या चित्रांतील हिरवा रंगही याच खडकातील हिरव्या मातीपासून मिळविलेला आहे.

४. विदारण : कातळापासून मातीकडे

बेसॉल्ट सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाच्या लाव्हापासून बनला. त्या तापमानाला स्थिर असणारी खनिजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील हवा व पाणी यांच्या सान्निध्यात स्थिर राहत नाहीत. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. खडकातील संधींतून ते आत शिरते व फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांचे विघटन करते. त्यांतून चिकणमातीची खनिजे तयार होतात, लोहाची ऑक्साइडे सुटी होतात, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम पाण्यात विरघळतात.

घट्ट कातळ प्रथम कोपऱ्यांपासून गोलाकार सुटू लागतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर निघतात, पुढे त्याचा मुरूम होतो आणि शेवटी काळी माती. मराठवाड्यातील कापसाच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील खनिजांचे प्रमाण मोठे असते. ही खनिजे पाणी शोषून फुगतात व कोरडी पडताच आकसतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यानंतर घरांच्या भिंतींना जाणारे तडे यांचे मूळ या खनिजरचनेत आहे.

या मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे आढळतात. बेसॉल्टमधून सुटलेले कॅल्शियम कोरड्या ऋतूत कार्बोनेटच्या रूपात साचून ते बनतात. म्हणजेच एकाच शेतात अग्निजन्य खडक, त्याच्या विघटनातून आलेली चिकणमाती आणि त्याच विघटनातून जन्मलेले कार्बोनेट, अशा तीन अवस्था हाताच्या अंतरावर पाहावयास मिळतात.

या प्रक्रियेला जागतिक परिमाणही आहे. विदारणात वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात नद्यांवाटे समुद्रात जातो. तेथे जीवांच्या कवचांतून चुनखडकात बद्ध होतो आणि लक्षावधी वर्षांनी ज्वालामुखींतून वातावरणात परततो. बेसॉल्टचे विदारण ग्रॅनाइटच्या तुलनेने जलद होत असल्याने दख्खनसारखे प्रदेश पृथ्वीच्या दीर्घकालीन हवामान-नियमनात महत्त्वाचे ठरतात.

५. वहन, निक्षेपण आणि स्तरित खडक

सुटलेला भुगा ओढे व नद्या वाहून नेतात. अजिंठ्याची नालाकृती दरी वाघूर नदीने कोरून काढली आहे. ही झीज झाली नसती तर लेणी खोदण्यासाठी उभा कडाच उपलब्ध झाला नसता. गोदावरीच्या काठी पैठण परिसरात जुन्या गाळाचे जाड थर आहेत. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाने या वहनात अडथळा निर्माण केला असून बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या गाळाचा काही भाग आता जलाशयातच बसतो. गाळ साचणे ही अभियंत्याच्या दृष्टीने साठवणक्षमतेची हानी, तर भूशास्त्राच्या दृष्टीने शिलाचक्रातील निक्षेपणाची अवस्था होय.

सुटा गाळ म्हणजे खडक नव्हे. वरील थरांच्या भाराने कणांमधील पाणी बाहेर पडणे आणि सिलिका, कॅल्साइट अथवा लोहद्रव्याने कण सांधले जाणे, या दोन क्रिया झाल्यावर वाळूचा वालुकाश्म व चिखलाचा पंकाश्म होतो. गोदावरीच्या जुन्या गाळात चुनखडीने सांधलेल्या वाळू-गोट्यांचे थर आढळतात. ते या स्थित्यंतराच्या मध्यावर आहेत असे म्हणता येईल.

पूर्ण विकसित स्तरित खडकांसाठी लाव्हाच्या आवरणाबाहेर जावे लागते. पेनगंगेच्या खोऱ्यातील व यवतमाळ-चंद्रपूर भागातील चुनखडक, चंद्रपूर परिसरातील कोळसायुक्त गोंडवना खडक ही त्याची उदाहरणे आहेत. याशिवाय दोन लाव्हालोटांच्या मधल्या विश्रांतीत तळ्यांच्या तळाशी साचलेले पातळ थर आहेत. मुंबईत वरळी येथे अशा थरात बेडकांचे जीवाश्म सापडले. अग्निप्रलयाच्या मध्यंतरात तळी भरत होती व जीवसृष्टी नांदत होती, हे यावरून सिद्ध होते.

६. रूपांतरण

मराठवाड्याच्या बहुतांश भागात रूपांतरित खडक पृष्ठभागावर नाहीत. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात मात्र लाव्हाचे आवरण संपते आणि देगलूर-बिलोली परिसरात प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडतात. पट्टिताश्मातील फिकट व गडद पट्टे हे भूकवचात खोलवर सोसलेल्या उष्णतेचे व दाबाचे चिन्ह आहे.

रूपांतरणाचा एक सर्वस्वी निराळा प्रकार शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे पाहावयास मिळतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये निर्माण झाले. आघाताच्या तीव्र धक्क्याने तेथील काही बेसॉल्टमधील फेल्डस्पारचे काचेसारख्या मॅस्केलिनाइट या पदार्थात रूपांतर झाले. आर्गॉन कालमापनानुसार विवराचे वय सुमारे ५.७ लाख वर्षे आहे. सामान्य रूपांतरणास लक्षावधी वर्षे लागतात. येथे ते क्षणार्धात घडले. लोणार सरोवरास २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

छत्रपती संभाजीनगर शहरातही तिन्ही वर्गांचा परिचय एकाच वास्तूत करून देता येतो. सतराव्या शतकातील बीबी का मकबरा या वास्तूचे बरेचसे बांधकाम स्थानिक बेसॉल्टचे आहे. त्यावरील गिलाव्याचा चुना कार्बोनेटयुक्त निक्षेप भाजून मिळतो, तर घुमट व भिंतींचा खालचा भाग यांसाठी राजस्थानातून आणलेला संगमरवर वापरला आहे. संगमरवर म्हणजे उष्णता व दाबाने रूपांतरित झालेला चुनखडक. स्थापत्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास ही वास्तू शिलाचक्राचा पाठ म्हणूनही दाखविता येईल.

७. किल्लारीचे विंधनछिद्र

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यात सुमारे ८,००० लोक मृत्युमुखी पडले. दख्खनचे पठार म्हणजे भक्कम, निर्धोक भूमी, या समजुतीला या घटनेने जबर धक्का दिला. लाव्हाच्या आवरणाखाली काय दडले आहे, हा प्रश्न त्यामुळे शास्त्रीय कुतूहलापुरता राहिला नाही.

भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले. त्यात वरचे ३३८ मीटर बेसॉल्टचे होते, त्याखाली केवळ ८ मीटर जाडीचा गाळाचा थर होता आणि त्यानंतर प्राचीन पायाभूत खडक लागला. पायाभूत खडकाचे वय सुमारे २५० कोटी वर्षे, तर बेसॉल्टचे ६.६ कोटी वर्षे. मधल्या जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांचा इतिहास तेथे अवघ्या आठ मीटरांत उरला आहे. या दीर्घ काळात तेथे काही खडक साचलेही असतील. पण जे साचले ते झिजून गेले. हटन यांनी सिकार पॉइंट येथे पाहिलेला विषमविन्यास तो हाच. फरक इतकाच की, तो आपल्याकडे जमिनीखाली तिसऱ्या-चौथ्या शतकमीटरात आहे.

पश्चिमेकडे कोयना भागातील खोल विंधनात बेसॉल्टची जाडी ९०० मीटरांहून अधिक आढळली आणि तेथे मधला गाळाचा थर न लागता थेट पायाभूत खडक लागला. शिलाचक्राची पाने सर्वत्र सारखी लिहिली जात नाहीत आणि सर्वत्र सारखी फाटतही नाहीत, हे या दोन नोंदींच्या तुलनेवरून स्पष्ट होते. भूकंपाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, पृष्ठभागावरील एकसारखा काळा कातळ पाहून खालच्या पायाभूत खडकातील दुर्बल पट्ट्यांविषयी काहीही गृहीत धरता येत नाही.

८. चक्राची पूर्ती

झिजलेला कातळ पुन्हा शिलारस कसा होतो, याचे उत्तर मराठवाड्यात मिळत नाही. त्यासाठी गोदावरीच्या गाळाचा मार्ग धरून बंगालच्या उपसागरापर्यंत जावे लागते. या उपसागराच्या पूर्वेस, अंदमान-सुमात्रा पट्ट्यात, सागरतळाचे कवच त्यावरील गाळासह शेजारच्या भूपट्टाखाली सरकते. खोल गेलेल्या कवचातून बाहेर पडणारे पाणी वरील प्रावरणाचा वितळणांक कमी करते व शिलारस तयार होतो. अंदमानातील बॅरन बेटावरील जागृत ज्वालामुखी ही या प्रक्रियेची खूण होय. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप व त्सुनामी याच सीमेवरील हालचालीचा परिणाम होता. दख्खनचा कण अन् कण तेथे पोहोचेल असे नाही. बहुतांश गाळ दीर्घकाळ उपसागराच्या तळाशीच राहील. तथापि चक्र पूर्ण होण्याचा मार्ग हाच आहे.

९. चक्राचा वेग आणि मानवी व्यवहार

आतापर्यंतच्या विवेचनात वेगातील तफावत ठळकपणे पुढे येते. लाव्हाचा लोट अल्प काळात पसरतो. आघाताने क्षणात रूपांतर होते. परंतु कातळाचा मुरूम व मुरमाची माती होण्यास हजारो वर्षे लागतात. मराठवाड्याचे जीवन या शेवटच्या, सर्वांत संथ टप्प्यावर उभे आहे.

भूजलाचे उदाहरण घेऊ. घट्ट, संधिविहीन बेसॉल्टमध्ये पाणी जवळजवळ मावत नाही. ते मुरमात, मांजऱ्यात व संधींत साठते. भूजल मूल्यमापनाच्या १९९७ च्या निकषांनुसार विदारित अथवा कुहरयुक्त बेसॉल्टचे विशिष्ट उत्पादन सुमारे २ टक्के, तर वाळूमय गाळाचे सुमारे १६ टक्के धरले जाते. याचा अर्थ, १० मीटर जाडीचा विदारित थर पूर्ण भरला तरी त्यातून मिळणारे पाणी जमिनीवर पसरल्यास केवळ २० सेंटिमीटर भरेल; तितक्याच जाडीचा वाळूमय थर त्याच्या आठपट पाणी देईल. सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात विहिरी लवकर भरतात व लवकर आटतात, त्याचे कारण पावसाइतकेच खडकाच्या साठवणक्षमतेतही आहे. मुरूम संपून घट्ट पाषाण लागल्यावर विंधनविहीर अधिक खोल नेली म्हणजे अधिक पाणी मिळेलच, असे नाही. खोल भेग अथवा दोन लोटांमधला मोकळा थर लागला तरच ते मिळते. सतराव्या शतकात मलिक अंबरच्या काळात उभारलेल्या नहरींनी डोंगरपायथ्याचे उथळ भूजल शहरात आणले. खडकाची क्षमता ओळखून केलेल्या या योजनेचे महत्त्व त्यामुळे अधिक जाणवते.

रस्ते व भराव यांसाठी टेकड्यांचा मुरूम काढला जातो, तेव्हा पाणी साठविणारा व मुरविणारा थरच उचलला जातो. नदीपात्रातील वाळू उपसली जाते, तेव्हा सर्वाधिक साठवणक्षमता असलेले द्रव्य नष्ट होते. उघड्या उतारावरून वाहून गेलेली माती शेतकऱ्याच्या हयातीत परत तयार होत नाही. शिलाचक्र ही भरपाई अवश्य करील, परंतु ती आपल्या कालगणनेत बसणारी नाही.

लेण्यांच्या बाबतीत हेच विदारण संकटाच्या रूपात पुढे येते. संधींतून झिरपणारे पाणी, कुहरांतील खनिजांचे विघटन आणि फुगणारी चिकणमाती यांमुळे छताचे व भिंतींचे कवच सैल होते. अजिंठ्यातील चित्रांचा गिलावा सुटण्यास आर्द्रता कारणीभूत ठरते. जी क्रिया शेताला माती देते, तीच शिल्पाचा चेहरा हिरावून घेते. ती थांबविता येत नाही. पाण्याचा निचरा व देखभाल यांद्वारे तिचा वेग कमी करता येतो.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. प्रथमतः, शिलाचक्राचे अध्यापन बंदिस्त वर्तुळाच्या आकृतीपुरते न ठेवता, अनेक वाटा व भिन्न वेग यांच्या आधारे करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. दुसरे असे की, मराठवाडा एकाच खडकाचा प्रदेश असला तरी अध्यापनास उणा नाही. मुरमाची खाण, विहिरीची भिंत, काळ्या मातीतील चुनखडी, लोणारचे विवर, देगलूरचा ग्रॅनाइट व मकबऱ्याचा संगमरवर यांतून चक्राच्या बहुतेक अवस्था दाखविता येतात. तिसरे म्हणजे, पाणी, माती व वारसा यांविषयीचे निर्णय घेताना खडकाच्या निर्मितीचा वेग आणि आपल्या उपशाचा वेग यांतील अंतर ध्यानात घेणे अपरिहार्य आहे.

भूशास्त्राचा स्वतंत्र विभाग असो वा नसो, भूगोल, रसायनशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील एखाद्या विहिरीचा अथवा टेकडीचा थरनिहाय अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेणे सहज शक्य आहे. आपल्या पायाखालचा कातळ, त्यावरील मुरूम आणि मुरमावरील वीतभर माती यांचे परस्परनाते विद्यार्थ्याने स्वतः मोजून पाहिले, तर शिलाचक्र ही संकल्पना त्याला पाठ करावी लागणार नाही.